मागून येणाऱ्या खेळाडूसाठी: गोल्फच्या मैदानावरचे वर्तन शिकताना

मुंबईत गोल्फ शिकू इच्छिणाऱ्या माणसाला थेट मैदानावर जाता येत नाही, आणि तसे असणेच योग्य आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. या शहरात अठरा होलना (होल म्हणजे बॉल जमिनीतल्या भोकात घालण्याचा एकेक टप्पा, आणि ते भोकही) पुरेल एवढी मोकळी जमीन शिल्लक राहणे हीच मुळात अपूर्वाई आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून उभा आहे, हाजी अलीजवळचा विलिंग्डन १९१८ पासून, कुलाब्याच्या टोकाला सेनादलांचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब आहे, आणि खाडी ओलांडून गेल्यावर सिडकोने उभारलेले खारघर व्हॅलीचे मैदान लागते, जेथे क्लबाचे सभासदत्व नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते. एवढ्या मोजक्या हिरवळीवर रोज सकाळी माणसांची रीघ लागते, आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या आधी गेलेल्याने मैदान कसे सोडले आहे त्यावर अवलंबून असतो. मी जेथे शिकले त्या क्लबाची पद्धत अशी होती की नवख्याने आधी रेंजवर, म्हणजे फटके मारून पाहण्याच्या मोकळ्या जागेवर, सराव करावा, प्रशिक्षकाने शिफारस केल्यावर नियम आणि वर्तन यांची लेखी परीक्षा द्यावी, मग समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदाबरोबर प्रत्यक्ष फेरी खेळावी, आणि तो समाधानी झाला तरच ठरावीक वेळांत मैदानावर येण्याची परवानगी मिळावी. ही सगळी प्रक्रिया मी पार केली. त्यात बॉल मारण्याचे तंत्र जेवढे शिकले, त्याहून अधिक दुसऱ्या माणसाचा विचार करायला शिकले, आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

माझे पहिले शिक्षक खरे तर प्रशिक्षक नव्हते. रेंजवर एक ज्येष्ठ कॅडी (खेळाडूची पिशवी वाहून त्याला खेळात मदत करणारे) होते, ज्यांना लहानथोर सगळे ‘मामा’ म्हणत. त्यांनी मला क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात कशी धरावी हे सांगण्याआधी उभे कोठे राहावे हे सांगितले. रेंजवर एका ओळीत मॅट अंथरलेल्या असतात आणि त्या ओळीच्या पुढे, हातभर अंतरावर पडलेली टी (बॉल ज्यावर ठेवतात ती छोटी खुंटी) उचलायलाही कोणी पाऊल टाकायचे नाही, हा तेथला पहिला दंडक. ‘मॅडम, मारायच्या आधी मागे बघायचं, मग पुढे बघायचं, आणि मग बॉलकडे बघायचं,’ असे ते दर वेळी म्हणत, आणि मी मागे वळून पाहिले नाही तर टीवरचा बॉल शांतपणे उचलून घेत. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो, पण ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने, नीट बसलेल्या फटक्यानंतर तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्या वेगापुढे कोणतीही दिलगिरी उपयोगाची नसते, हे मामांना सांगावे लागले नाही. त्यांच्या करड्या आवाजातूनच ते समजत असे.

मैदानावर हीच गोष्ट अधिक गंभीर होते. मुंबईतल्या मैदानांवर जागा मोजकी असल्याने एका होलचा फेअरवे (होलकडे नेणारी कापलेल्या गवताची पट्टी) दुसऱ्याला खेटून असू शकतो आणि मधली झाडांची ओळ बॉल अडवेलच असे नसते. पुढचा गट आपल्या फटक्याच्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचे नाही. माळी काम करत असतील तर त्यांनी मान वर करून आपल्याकडे पाहिले आहे आणि हात हलवून खूण केली आहे, याची खात्री झाल्याशिवाय मारायचे नाही. आणि एवढे करूनही बॉल माणसांच्या दिशेने वळला तर क्षणाचाही विचार न करता, संकोच बाजूला ठेवून, पोटातून आवाज काढून ‘फोर!’ (सावध!) असे ओरडायचे. हा संकोच विशेषतः आम्हा स्त्रियांना आड येतो, असा माझा अनुभव आहे. सार्वजनिक जागी मोठ्याने ओरडायची सवयच आपल्याला कोणी लावलेली नसते. मामांनी रेंजच्या मागच्या मोकळ्या जागेत माझ्याकडून ही आरोळी ठोकण्याचा सराव करून घेतला, आणि ज्याला आरोळी ऐकू येते त्याने काय करायचे तेही शिकवले: बॉल कोठे आहे ते पाहण्यासाठी मान वर करायची नाही, दोन्ही हातांनी डोके झाकून खाली वाकायचे. आपल्याकडे अनेक ठिकाणी पुढे आगेवाला उभा असतो, जो बॉल कोठे पडला ते पाहतो आणि हाताने खूण करतो. तो आपल्यासाठी रोज बॉलच्या वाटेत उभा राहणारा माणूस आहे, हे टीवर (होलचा पहिला फटका जेथून मारतात त्या जागेलाही टीच म्हणतात) उभे राहिल्यावर एकदा तरी आठवले पाहिजे.

उभे राहण्याचेही एक शास्त्र आहे. कोणी मारत असताना त्याच्या अगदी मागे, बॉलच्या रेषेत उभे राहायचे नाही, कारण डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल जाणवते. बोलायचे नाही, पिशवीतले क्लब खणखणवायचे नाहीत, हातमोज्याची पट्टी फर्रकन ओढायची नाही. मुंबईतले खेळाडू उन्हाच्या आधी, उजाडता उजाडता खेळायला निघतात, त्यामुळे सावल्या लांब असतात, आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाची सावलीही दुसऱ्याच्या पटच्या, म्हणजे बॉल होलमध्ये घरंगळवण्याच्या फटक्याच्या, रेषेवर पडते. ‘मॅडम, सावली बघा तुमची,’ हे मामांचे वाक्य माझ्या कानात इतके बसले आहे की आता रस्त्यावरही सकाळच्या वेळी माझे लक्ष सावलीकडे जाते.

पोशाखाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको, बुटांना मऊ स्पाइक. क्लबाने जे ठरवले असेल ते पाळावे. मोबाइल बंद किंवा मूक ठेवावा. डॉक्टर किंवा ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे अशांना फोन जवळ बाळगावाच लागतो, आणि त्याला कोणाची हरकत नसते; हरकत असते ती ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेला उभे राहून, स्पीकर चालू ठेवून, दलालाशी शेअरचे भाव बोलणाऱ्यांना. मी ते एका मैदानावर पाहिले आहे. चार माणसे पटर (पट मारायचा क्लब) हातात धरून त्या संभाषणाच्या समाप्तीची वाट पाहत उभी होती.

ग्रीनवर मात्र मला थांबून बोलायचे आहे, कारण गोल्फच्या मैदानाचा हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि तेथेच आपल्या वागण्याची खूण सर्वाधिक काळ राहते. उंचावरून आलेला बॉल मऊ ग्रीनवर आदळतो तेव्हा तेथे खळगा पडतो. तो कसा बुजवायचा हे मामांनी मला अर्धी सकाळ खर्च करून शिकवले. दोन दातांचे छोटे अवजार खळग्याच्या बाहेरच्या कडेला तिरपे खुपसायचे आणि गवताची कड मध्याकडे ढकलायची. सगळ्या बाजूंनी असे करून झाल्यावर पटरच्या तळाने किंवा पायाने हलकेच सपाट करायचे. बहुतेक नवखे, आणि काही जुनेही, अवजार खळग्याखाली घालून माती वर उचकटतात. वरून ती जागा सपाट दिसते, पण गवताची मुळे तुटतात आणि तेथे पिवळा ठिपका उरतो. नीट बुजवलेला खळगा काही दिवसांत दिसेनासा होतो. तसाच सोडलेला किंवा उचकटलेला आठवडेच्या आठवडे तेथे राहतो आणि त्यावरून जाणारा प्रत्येक पट वाकडा करतो. पूर्वी ग्रीनवरच्या बुटांच्या खुणा पट मारण्याआधी सपाट करायला नियमाने मनाई होती. २०१९ मध्ये नियम बदलले आणि ग्रीनवरचे जवळपास सगळे नुकसान, स्पाइकच्या खुणांसह, दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. म्हणजे आता आपला खळगा बुजवताना शेजारचा दुसऱ्याचा खळगाही बुजवता येतो, आणि मामांचा आग्रह असा की प्रत्येक ग्रीनवर आपला एक आणि दुसऱ्याचा एक एवढे करूनच पुढे जायचे.

ग्रीनवरच्या बाकीच्या गोष्टीही याच काळजीतून येतात. दुसऱ्याचा बॉल आणि होल यांना जोडणाऱ्या रेषेवर पाय ठेवायचा नाही. वळसा घालून जायचे किंवा ती रेषा ओलांडून पलीकडे पाऊल टाकायचे. आपला बॉल उचलण्याआधी त्याच्या मागे नाणे ठेवायचे, आणि ते कोणाच्या वाटेत येत असेल तर कोणी न सांगताच ‘हलवू का?’ असे विचारायचे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि त्याची कड हा मैदानावरचा सर्वांत हळवा भाग. तेथे पटरवर रेलून उभे राहायचे नाही, पटरच्या डोक्याने बॉल उकरून काढायचा नाही, झेंड्याची काठी आपटत टाकायची नाही. २०१९ पासून काठी होलमध्ये तशीच ठेवून पट मारता येतो, पूर्वी त्या काठीला बॉल लागला तर दोन फटक्यांचा दंड होता. आमच्या गटात काहींना काठी काढून पट मारायला आवडते आणि काहींना ठेवून. कोणाची काय पसंती आहे ते पहिल्या ग्रीनवरच विचारून घेतले की पुढच्या सतरा ग्रीनवर वेळ वाचतो.

बंकरच्या, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्याच्या, बाबतीत मला या सगळ्या शिष्टाचारामागचे कारण सर्वांत स्पष्टपणे कळले. बॉल वाळूत कोणाच्या पावलाच्या ठशात जाऊन पडला तर नियम त्या खेळाडूला कोणतीही सवलत देत नाही. बॉल जसा आहे तसाच मारायचा. म्हणजे ज्याने ठसा तसाच सोडला तो पुढच्या होलवर मजेत चालत असतो, आणि शिक्षा भोगतो तो ज्याने काहीच केलेले नाही. दोघांची भेटही होत नाही. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याशी आपण हस्तांदोलन करतो, त्याच्याशी नीट वागणे फारसे कठीण नसते. खरी कसोटी असते ती अर्ध्या तासाने मागून येणाऱ्या, आपल्याला कधीही न दिसणाऱ्या खेळाडूशी आपण कसे वागतो याची. म्हणून बंकरमध्ये उतरायचे ते खालच्या बाजूने, बॉलच्या शक्य तितक्या जवळून, कारण उंच कडेवरून उतरले की वाळू ढासळते. जाताना दाताळे सोबत न्यायचे, आणि मारून झाल्यावर आपले ठसे, फटक्याचा खड्डा आणि वाटेत दिसलेले आधीच्यांचे ठसे अशी सगळी वाळू सारखी करतच मागे मागे येत बाहेर पडायचे. ‘दुसऱ्याचे ठसे आम्ही का पुसायचे?’ असे एका तरुणाने एकदा विचारले, तेव्हा मामांनी दाताळे त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, ‘तुमच्यानंतर जो येईल त्याला कुठं माहीत, कुणाचे कुठले?’

फेअरवेवरचेही तसेच. फटक्याबरोबर उडालेला हिरवळीचा तुकडा अखंड असेल तर परत जागी ठेवून पायाने दाबायचा, आणि त्याचे तुकडे झाले असतील तर ती जागा पिशवीतल्या वाळू-मातीने भरायची. हे काम कॅडीचे आहे असे मानून पुढे चालू लागणारे पुष्कळ असतात. कॅडी ते करतात हे खरे, पण ते केले गेले आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच.

लेखी परीक्षेच्या तयारीसाठी मी नियमांचे पुस्तक आद्योपांत वाचले. एडिंबराच्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी १७४४ मध्ये लीथ येथे जे पहिले लेखी नियम केले ते अवघे तेरा होते. त्यांतला पहिला नियम असा की होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत पुढच्या होलसाठी टी लावायची, जे आजच्या ग्रीनवर कोणाला स्वप्नातही सुचणार नाही. पण ज्याचा बॉल होलपासून सर्वांत दूर त्याने आधी खेळायचे, हा त्याच तेरांतला नियम अजूनही जिवंत आहे. आता ब्रिटनमधली आरअँडए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था मिळून जगभरचे नियम ठरवतात. आधी पुस्तकाच्या सुरुवातीला शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण असे, आणि ते नियमांच्या बाहेर असल्यामुळे त्याकडे चांगला उपदेश म्हणून पाहिले जाई. २०१९ च्या आवृत्तीत ते प्रकरण काढून त्याचा गाभा नियम १.२ मध्ये आणला गेला: खेळाडूने सचोटीने वागावे, इतरांचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी. गंभीर गैरवर्तनासाठी समिती खेळाडूला स्पर्धेतून बाद करू शकते, आणि क्लबाला स्वतःची आचारसंहिता करून तिच्या भंगासाठी फटक्यांचा दंडही ठेवता येतो. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

लेखी उत्तरे तपासल्यावर तोंडी प्रश्नही विचारले गेले, आणि त्यांतला एक या शहरासाठीच काढल्यासारखा होता. ‘तुमचा बॉल फेअरवेवर थांबलेला आहे आणि कावळ्याने तो उचलून नेला, तर पुढे काय?’ मुंबईत कावळ्यांनी आणि घारींनी बॉल नेणे ही काही नवलाई नाही. मी सांगितले की थांबलेला बॉल बाहेरच्या कारणाने हलला असल्याने दंड नाही; मूळ जागी, ती नेमकी माहीत नसेल तर अंदाजाने, दुसरा बॉल ठेवायचा. ‘आणि कावळा कोणी पाहिलाच नसेल तर?’ येथे खरी मेख आहे. बॉल कोणीतरी नेला असावा एवढ्या तर्कावर सवलत मिळत नाही. तसे घडल्याचे माहीत तरी हवे किंवा जवळजवळ खात्री तरी हवी, आणि ती खात्री निदान ९५ टक्के असावी असे नियम सांगतो. नसेल तर तीन मिनिटे शोधायचे, आणि सापडला नाही तर तो हरवला असे धरून एका दंडाच्या फटक्यासह आधीच्या जागी परत जायचे. समितीतल्या गृहस्थांनी यावर जे सांगितले ते माझ्या मनात राहिले: ‘मॅडम, कावळा किती टक्के होता, हे तेथे तुमच्याशिवाय कोणीही ठरवणार नाही.’ या खेळात बहुतेक वेळा पंच सोबत नसतो. दोन फेअरवे पलीकडे, झुडपाच्या आड, खेळाडू एकटाच असतो, आणि नियम त्याच्या सांगण्यावर चालतात.

याचे जे उदाहरण गोल्फमध्ये पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते ते अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्स यांचे आहे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) फटक्याच्या तयारीत असताना त्यांचा बॉल किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिलेले नव्हते, तरी त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला, आणि अखेर विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी होऊन ज्यादा फेऱ्यांत ते हरले. तो एक फटका नसता तर अजिंक्यपद त्यांचेच होते.

प्रत्यक्ष फेरीत आम्ही चौघे होतो: परीक्षक, मी, आणखी एक नवखा तरुण, आणि सेवानिवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ, जे बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा परवानगी मागत होते. परीक्षकांनी आधीच सांगितले की किती फटके लागले याला महत्त्व नाही, पण गटाचा वेग सांभाळला पाहिजे. वेगाचा हिशेब त्यांनी टीवरच मांडून दाखवला. चौघांनी प्रत्येक होलवर एकेक मिनिट जास्त घेतले तर अठरा होलमध्ये बहात्तर मिनिटे जातात, आणि ती केवळ आपली जात नाहीत, मागे असलेल्या प्रत्येक गटाची जातात. हिवाळ्यात मुंबईत सहा वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी उशिरा निघालेल्या गटाचे शेवटचे होल सकाळपासून साचलेल्या अशा मिनिटांमुळेच अंधारात बुडतात. त्यामुळे आपली पाळी येण्याआधीच क्लब निवडून ठेवायचा. मारायला मोकळे झाल्यापासून चाळीस सेकंदांत मारावे अशी नियमांची शिफारस आहे. ज्याची तयारी झाली त्याने, कोणाला धोका नसेल तर, दूरच्या बॉलची वाट न पाहता मारावे, हेही मित्रत्वाच्या आणि स्ट्रोक प्लेच्या (एकूण फटके मोजण्याच्या) फेरीत आता रीतीला धरूनच आहे. बॉल हरवला असेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल अशी शंका आली तर तेथूनच दुसरा मारून ठेवायचा, मात्र तो ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) आहे असे मारण्याआधी स्पष्ट सांगायचे. न सांगता मारलेला बॉल खेळातला बॉल होतो आणि पहिला सापडला तरी उपयोगाचा राहत नाही. गुण लिहायचे ते ग्रीनवर उभे राहून नव्हे, पुढच्या टीवर. मागचा गट आपल्यापेक्षा वेगाने येत असेल आणि आपल्यापुढचा होल मोकळा असेल, तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचे. आमच्या मागे तिघांचा गट आला तेव्हा परीक्षक काही बोलले नाहीत; त्या वयस्कर गृहस्थांनी स्वतःच हात वर करून त्यांना बोलावले, आणि आम्ही झाडाखाली उभे राहून त्यांचे फटके होऊ दिले. पुढे गेलेल्या तिघांनी जाताना टोपीला हात लावला.

या फेरीत मी त्या गृहस्थांची मार्कर होते, म्हणजे त्यांचे गुण मी माझ्याजवळच्या त्यांच्या कार्डावर लिहीत होते. एका होलनंतर त्यांनी ‘पाच’ असे सांगितले आणि माझ्या मोजणीत सहा होते. वयाने आणि अनुभवाने माझ्याहून कितीतरी मोठ्या माणसाला हे कसे सांगायचे, हा प्रसंग पुस्तकात कोठेच नसतो. मामांनी मात्र त्याचीही तयारी करून घेतलेली होती. ‘चुकलं म्हणायचं नाही. एकदा मोजू या म्हणायचं, आणि टीपासून सुरू करायचं.’ मी तसेच केले: ‘काका, एकदा टीपासून मोजू या का?’ ड्राइव्ह, मग फेअरवेवरचा, मग झाडामागून नुसता बाहेर काढलेला, असे मोजत आम्ही गेलो, आणि झाडामागच्या त्या छोट्या फटक्याशी ते स्वतःच थांबले. ‘बरोबर, तो विसरलो. सहाच लिहा, आणि विचारलंत ते बरं झालं,’ एवढे म्हणून ते पुढच्या टीकडे चालू लागले. त्यांच्या जागी मी असते तर इतक्या सहजपणे ते मान्य करू शकले असते का, हा विचार मी पुढे बराच वेळ करत होते, आणि चांगल्या वर्तनाचे निम्मे श्रेय ज्याला विचारले जाते त्याच्या मोकळेपणाला द्यावे लागते, असे मला वाटले.

कार्ड हे केवळ कागदाचे काम नाही. खेळाडूने सही केलेल्या कार्डावर एखाद्या होलचा गुण प्रत्यक्षापेक्षा कमी असेल तर तो स्पर्धेतून बाद होतो, आणि जास्त असेल तर तो जास्तीचा गुणच कायम राहतो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबेर्तो दे व्हिचेंझो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते, मार्करने चार लिहिले, आणि त्यांनी न तपासता सही केली. त्या एका आकड्यामुळे बॉब गोल्बी यांच्याशी झालेली बरोबरी गेली आणि ज्यादा फेरी झालीच नाही. त्यांनी दोष आपल्या मार्करवर न टाकता स्वतःवर घेतला. हे सारे माहीत असल्यामुळे शेवटच्या ग्रीननंतर टोप्या काढून, हस्तांदोलन करून आम्ही सावलीत बसलो आणि प्रत्येक होलचा आकडा एकमेकांना वाचून दाखवला.

हस्तांदोलन कॅडींशीही केले. मुंबईतल्या मैदानांवर मला सर्वांत जास्त खटकते ते कॅडींशी होणारे बोलणे. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘अरे’ म्हणून हाक मारायची, पट चुकला की ‘तूच रेषा चुकीची सांगितलीस’ म्हणून चारचौघांत बोलायचे, हे क्लब आपटण्याइतकेच गैरवर्तन आहे, मग नियमांच्या पुस्तकात त्याला वेगळे कलम असो वा नसो. रेषा कॅडी सुचवतो. पट आपण मारतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते, आणि व्यावसायिक गोल्फपटू एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची देखभाल करत. त्या क्लबाची स्थापना १८२९ ची. ज्या हिरवळीवर आपण पाहुण्यासारखे सकाळचे चार तास येतो, तिच्यावर या माणसांची अख्खी आयुष्ये गेलेली असतात. फेरी संपल्यावर ठरलेला मोबदला त्याच दिवशी, मोजून आणि आदराने हातात द्यावा. उद्या बघू, असे म्हणू नये.

पावसाळ्याने या सगळ्याची पुन्हा उजळणी करायला लावली. जूननंतर जमीन मऊ होते, प्रत्येक फटक्याला हिरवळ उडते, ग्रीनवरचे खळगे खोल होतात. समिती बहुधा फेअरवेवर बॉल उचलून, पुसून, ठरवलेल्या अंतरात ठेवण्याची सवलत देते. ती केवळ फेअरवेपुरती आहे की रफमध्येही, आणि अंतर किती, हे निघण्याआधी गटांना मैदानावर सोडणाऱ्या स्टार्टरला विचारावे, आणि उचलण्याआधी जागेची खूण करावी. पायांखाली पाणी वर येत असेल तर तात्पुरत्या पाण्याची सवलत मिळते, पण ओलसर वाटते एवढ्यावरून ती घेता येत नाही. उभे राहिल्यावर पाणी दिसले पाहिजे. गाड्या आणि ट्रॉल्या वाटेवरच ठेवायच्या, मग चालावे लागले तरी चालेल. विजा चमकू लागल्या की भोंग्याची वाट पाहत झाडाखाली थांबायचे नाही. खेळ तेथेच सोडून पक्क्या छपराखाली जायचे, आणि कॅडींना व माळ्यांनाही सोबत घ्यायचे.

माझी परवानगी आली तेव्हा तिच्यासोबत अटी होत्या: शनिवार-रविवारच्या सकाळी नाही, कॅडीशिवाय नाही, आणि हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) मिळेपर्यंत स्पर्धा नाही. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे. तीत सुरुवातीला एकूण ५४ होलची, मार्करने साक्षांकित केलेली कार्डे द्यावी लागतात आणि कमाल हँडिकॅप ५४.० असू शकतो. कार्डे देताना चांगली फेरी निवडून द्यायची आणि वाईट खिशात ठेवायची असे चालत नाही, आणि त्याच्या उलट, पुढे स्पर्धेत फायदा व्हावा म्हणून मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणे ही तर माझ्या मते गोल्फमधली सर्वांत हीन फसवणूक आहे, कारण ती सहकाऱ्याने विश्वासाने केलेल्या सहीच्या आडून होते. माझ्या पहिल्या कार्डांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत फेरीतले ते वयस्कर गृहस्थही आहेत. आम्ही आता आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहिला गट निघून गेल्यानंतर खेळतो, एकमेकांचे मार्कर असतो, आणि प्रत्येक होलनंतर, मतभेद असो वा नसो, पुढच्या टीवर पोहोचल्यावर फटके मोजून मगच आकडा लिहितो.